वृत्तपत्राच्या छायाचित्र विभागातील उमेदवारी : पावसाळ्यातील एक दिवस

वृत्तपत्राच्या छायाचित्र विभागात उमेदवारी करण्याची इच्छा असलेली मुले-मुली भेटली, की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा कॅमेऱ्याविषयी असतो. कोणती बॉडी घ्यावी, कोणती लेन्स आधी घ्यावी, जुना कॅमेरा चालेल का, हे प्रश्न रास्त आहेत. परंतु पुण्यातील एका मराठी दैनिकात उमेदवारी केल्यानंतर आणि पुढे याच व्यवसायात राहिल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे, की नवोदिताने सर्वांत आधी फोटोओळ लिहायला शिकावे. छायाचित्राखाली छापल्या जाणाऱ्या त्या दोन-तीन ओळी कार्यालयात बसलेले कोणीतरी लिहिते, असा समज घेऊन बरेच जण येतात. प्रत्यक्षात त्या ओळींतील प्रत्येक तपशील घटनास्थळी छायाचित्रकारानेच गोळा करायचा असतो, आणि ओळ मनाशी तयार असली तर कॅमेरा कुठे रोखायचा हेही बरेचसे ठरून जाते. हे कसे घडते ते नीट समजावे, म्हणून उमेदवारीच्या काळातील जुलै महिन्यातला एक दिवस येथे क्रमाने मांडते.

आमच्याकडे दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी आदल्या रात्री छायाचित्र विभागाच्या ग्रुपवर येत असे. त्या दिवशी माझ्या नावासमोर तीन कामे होती : सकाळी पावसाचे एखादे छायाचित्र, त्यानंतर पत्रकार भवनातील एक पत्रकार परिषद आणि दुपारी जिल्हाधिकारी कार्यालयासमोरील निदर्शने. यादी हाती आली की निघण्यापूर्वी करायची तयारी ठरलेली असते. बॅटऱ्या चार्ज झाल्या आहेत का, कार्डे रिकामी आहेत का आणि कॅमेऱ्यातील घड्याळ बरोबर आहे का, हे पाहावे लागते. घड्याळाकडे नवीन मुले दुर्लक्ष करतात. एकाच घटनेवर आपल्या दैनिकाचे दोन छायाचित्रकार असतील, तर कोणते छायाचित्र आधीचे आणि कोणते नंतरचे हे संध्याकाळी फाइलवरील वेळेवरूनच ठरते. पोलीस केव्हा आले, पाणी किती वाजता वाढले, अशा प्रश्नांची उत्तरे बातमीदार आपल्याला विचारतात, तेव्हाही तीच वेळ उपयोगी पडते. पावसाळ्यात बॅगेत प्लॅस्टिकच्या पिशव्या, कोरडे सुती फडके आणि सिलिका जेलच्या पुड्या असाव्यातच. वातानुकूलित कार्यालयातून एकदम दमट हवेत कॅमेरा बाहेर काढला तर लेन्सवर वाफ धरते, म्हणून तो काही वेळ बंद बॅगेतच राहू द्यावा.

सकाळी महात्मा फुले मंडईत गेले. जुलैमध्ये प्रत्येक डेस्कला, म्हणजे पाने लावणाऱ्या उपसंपादकांना, रोज पावसाचे छायाचित्र हवे असते आणि रोजच्या रोज छत्र्या, रेनकोट, साचलेल्या पाण्यातून जाणारी दुचाकी हेच छापले जाते. मुख्य छायाचित्रकार सरांनी एकच सूचना केली होती, "छत्री नको. ओळ घेऊन ये." त्या सूचनेचा अर्थ मंडईत फिरताना समजू लागला. कित्येक दिवसांच्या संततधारेमुळे पालेभाज्या भिजून येत होत्या, भिजलेला माल टिकत नव्हता आणि चांगल्या जुडीचा भाव चढला होता. बातमी ही होती. तेव्हा ओळीत तीन गोष्टी येणे आवश्यक होते : माल भिजला आहे, विक्रेता तो निवडून वेगळा करत आहे आणि भाव वाढला आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी छायाचित्रात दिसायला हव्या होत्या, तिसरी विचारून घ्यायची होती.

एका गाळ्यावर एक बाई कोथिंबिरीची जुडी उलटी धरून पाणी झटकत होत्या, पिवळी पडलेली आणि चिकट झालेली पाने बोटांनी ओढून बाजूच्या पाटीत टाकत होत्या आणि उरलेल्या काड्या पुन्हा सुतळीने बांधत होत्या. बांधून झालेली जुडी मूळ जुडीच्या जेमतेम निम्मी राहत होती. हे दिसल्यावर उंचावरून, दुरून किंवा छपराच्या आकारासाठी छायाचित्र घेण्याचे कारणच उरले नाही. मी खाली बसले, जवळची लेन्स लावली आणि हात, जुडी, टाकून दिलेल्या पानांची पाटी आणि मागे त्यांचा चेहरा असे एकाच चौकटीत येईल अशी जागा धरली. झटकलेल्या पाण्याचे थेंब स्पष्ट दिसावेत म्हणून शटरचा वेग १/१००० ठेवला. हाताची हालचाल पुसट दाखवायची असती तर तो १/६०पर्यंत खाली आणता आला असता. नंतर त्यांचे पूर्ण नाव, माल कोठून आला, आजचा भाव किती आणि मागील आठवड्यात किती होता, हे वहीत लिहून घेतले आणि छायाचित्र छापले तर चालेल का, हेही विचारले. सार्वजनिक जागी प्रत्येकाची परवानगी घेणे शक्य नसते. मात्र जिचा चेहरा उद्या पान तीनवर मोठा दिसणार आहे, तिच्याशी दोन शब्द बोलणे हे सौजन्य आहे आणि त्यातूनच बातमीही मिळते. हे तपशील नसते तर त्या छायाचित्राखाली "मंडईत भाजी निवडताना महिला विक्रेती" एवढेच लिहावे लागले असते आणि तशी ओळ वर्षातल्या कोणत्याही दिवशी छापता येते.

नवी पेठेतील पत्रकार भवनात दिवसाला अनेक पत्रकार परिषदा होतात आणि त्यांतील छायाचित्रे बहुधा एक कॉलमची असतात. येथे शिकण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे नावे. मंचावर बसलेल्यांचा क्रम छायाचित्रात दिसतो तसा, डावीकडून लिहून घ्यावा. छायाचित्रकाराच्या डावीकडून, बसणाऱ्यांच्या नव्हे. मेजावरील पाट्यांवर विसंबू नये, कारण माणसे जागा बदलतात आणि पाट्या तिथेच राहतात. आडनावाच्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल शंका असेल तर वही पुढे करून त्यांनाच लिहायला सांगावे. कोणालाही त्याचा राग येत नाही. दीपप्रज्वलन, फीत कापणे, पुस्तक हातात धरून उभे राहणे ही छायाचित्रे मला मनापासून आवडत नाहीत. तरीही ती नीट घेता येणे ही पहिल्या महिन्यातली जबाबदारी आहे, कारण ती चुकली तर कार्यक्रम पुन्हा होत नाही. ती घेऊन झाली की हातातला उरलेला वेळ मात्र आपला असतो, आणि वक्त्याच्या चेहऱ्यावरचा खरा भाव बहुधा प्रश्नोत्तरे सुरू झाल्यावर उमटतो.

दुपारच्या निदर्शनांविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण नवोदिताची खरी कसोटी तिथे लागते. आपण पोहोचण्यापूर्वी घोषणा देऊन लोक दमलेले असतात. कॅमेरा दिसताच कोणी विचारतो, "पुन्हा एकदा देऊ का घोषणा?" काही छायाचित्रकार हो म्हणतात, काही तर स्वतःच फलक वर धरायला सांगतात. माझ्या मते हे करू नये आणि उमेदवारीच्या काळात तर मुळीच करू नये, कारण ही सवय एकदा लागली की सुटत नाही. कॅमेऱ्यासाठी घडवून आणलेल्या गोष्टीची ओळ प्रामाणिकपणे लिहिताच येत नाही. "घोषणा देताना आंदोलक" असे लिहिले तर ते घडलेलेच नसते. उन्हात सावली शोधत बसलेले, पाण्याची बाटली एकमेकांना देणारे, निवेदनाची प्रत घडी करून खिशात ठेवणारे आंदोलक हेही त्या दुपारचे सत्यच असते. त्यांची मागणी काय, संघटनेचे अचूक नाव काय, निवेदन कोणी स्वीकारले, हे विचारल्याशिवाय तेथून निघू नये.

पोलिसांनी अडवले तर काय करावे, हाही प्रश्न मुले विचारतात. उमेदवाराकडे अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे सरकारमान्य पत्रकाराचे ओळखपत्र, नसते. ती राज्य शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयामार्फत, अनुभवाच्या अटी पूर्ण करणाऱ्या पत्रकारांना मिळते. म्हणून रुजू होतानाच कार्यालयाकडून आपले नाव, छायाचित्र आणि उमेदवारीचा कालावधी असलेले पत्र मागून घ्यावे आणि त्याची प्रत कायम बॅगेत ठेवावी. अडवल्यास ते दाखवावे, वाद घालू नये, मागे सरून दुसरी जागा पाहावी आणि वरिष्ठांना फोन करावा.

निदर्शने आटोपत असतानाच बातमीदाराचा फोन आला, की खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडण्यात येणारा विसर्ग वाढवला आहे आणि बाबा भिडे पूल पाण्याखाली जाण्याच्या बेतात आहे. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की डेक्कन आणि पेठांचा भाग जोडणारा हा पूल नदीपात्रात अगदी खाली बांधलेला आहे, त्यामुळे विसर्ग एका मर्यादेपलीकडे गेला की तो बुडतो आणि नदीपात्रातील रस्ताही बंद करावा लागतो. हे दृश्य जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात दिसते. त्यामुळे पूल बुडाला, या एका वाक्याने काम भागत नाही. आजचा पूर आजचाच आहे हे छायाचित्रातून आणि ओळीतून कळले पाहिजे.

प्रथम जवळच्याच झेड पुलावर गेले, कारण तेथून भिडे पूल आणि पात्राची पूर्ण रुंदी एका दृष्टिक्षेपात येते. हे रुंद छायाचित्र हाताशी असावेच लागते; डेस्कला जागा मोठी मिळाली तर तेच लागते आणि पाणी कुठवर आले आहे याची नोंद म्हणूनही त्याला मोल असते. मात्र वरून घेतलेल्या छायाचित्रात पाण्याचा जोर कळत नाही. तो कळण्यासाठी माणसाच्या किंवा ओळखीच्या वस्तूच्या मापाशी पाणी जोडावे लागते. म्हणून पुलाच्या तोंडाशी, बंद केलेल्या रस्त्याच्या अलीकडे उतरले. तेथे वाहतूक पोलिसांनी बॅरिकेड लावलेले होते, त्यामागे डांबरी रस्ता काही पावलांवरच पाण्यात नाहीसा होत होता आणि एक दुचाकीस्वार पलीकडे जाऊ द्या म्हणून हात जोडून विनवत होता. पोलीस शिपाई एका हाताने बॅरिकेड धरून दुसऱ्या हाताने त्याला लकडी पुलाची दिशा दाखवत होता. रस्त्यावरचे गढूळ पाणी, बॅरिकेड, जोडलेले हात आणि वळणाचा रस्ता दाखवणारे बोट एका चौकटीत येत होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघणाऱ्या वाचकाला नेमके हेच हवे होते : पूल बंद आहे, दुसऱ्या रस्त्याने जा. ओळ समोर उभी होती. माझे काम त्या चौकटीत रेनकोट घातलेले बघे येऊ न देण्याचे आणि बोट व चेहरा एकमेकांवर येणार नाहीत अशी जागा धरण्याचे होते.

पुराच्या कामात सुरक्षिततेबाबत तडजोड नको. बॅरिकेडच्या पलीकडे जाऊ नये, ओल्या काठावर पाठ करून उभे राहू नये आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे-पुढे चालू नये, कारण त्या वेळी पायाखाली काय आहे ते कळत नाही. जागेवरून निघण्यापूर्वी एक छायाचित्र वायफायने मोबाइलवर घेऊन संकेतस्थळासाठी पाठवले. हे पहिले छायाचित्र उत्कृष्ट असण्याची गरज नसते. ते वेळेवर आणि पूर्ण ओळीसह जायला हवे. विसर्गाचा क्युसेकमधील आकडा मी लिहिला नाही. तो जलसंपदा विभागाकडून बातमीदाराने घ्यायचा असतो आणि तासागणिक बदलतो, म्हणून ओळीत आकडा असेल तर त्यापुढे वेळही असावी लागते.

संध्याकाळी कार्यालयात परतल्यावर कामाचा दुसरा, बाहेरच्यांना न दिसणारा भाग सुरू होतो. कार्डावरील सगळ्या फाइल प्रथम संगणकावर उतरवायच्या आणि एक प्रत वेगळी ठेवायची. कॅमेऱ्यातच पाहून छायाचित्रे पुसायची नाहीत. हा नियम किती गंभीर आहे ते २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यावरून कळते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सेबॅस्टियन डिसूझा यांनी घेतलेली हल्लेखोरांची छायाचित्रे पुढे न्यायालयात पुरावा म्हणून आली आणि त्यांनी स्वतः साक्षही दिली. आपण घेतलेले एखादे छायाचित्र कधी आणि कशासाठी लागेल हे घेताना माहीत नसते, म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी राहिली पाहिजे.

निवड करताना मोह आवरावा लागतो. एका कामाची चार-पाच छायाचित्रे डेस्ककडे द्यावीत, त्यांत एक आडवे आणि एक उभे असावे. पानावर जागा कशी निघेल हे जाहिरातींवर अवलंबून असते आणि शेवटच्या क्षणी उपसंपादक बहुधा उभेच मागतात. माणूस ज्या दिशेला पाहतो ती दिशा शक्यतो पानाच्या आत असावी, हा पान लावणाऱ्यांचा संकेत आहे. म्हणून जमल्यास दोन्ही बाजूंनी छायाचित्र घेऊन ठेवावे. छायाचित्र उलटे फिरवून दिशा बदलणे हा उपाय नव्हे, कारण त्यात पाट्या, खिसे आणि हात सगळेच खोटे होते. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि गडद भाग अधिक काळवंडतात, तेव्हा पडद्यावर योग्य वाटणारे छायाचित्र सावल्यांत थोडे उजळ करून द्यावे. कातरणे, उजळणे, रंगाचा तोल सांभाळणे इतके चालते. चौकटीतली वस्तू काढणे, घालणे किंवा दोन छायाचित्रे जोडणे चालत नाही. २००३मध्ये इराक युद्धाच्या वेळी 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी दोन छायाचित्रांचे भाग जोडून एक केले आणि ते उघडकीस येताच त्यांना नोकरी गमवावी लागली. दोन्ही मूळ छायाचित्रे युद्धभूमीवर जीव धोक्यात घालून घेतलेली होती, तरीही जोडलेल्या चित्राची ओळ खरी राहिली नव्हती.

त्यानंतर फोटोओळ. भिडे पुलाची ओळ मी अशी लिहिली : "पुणे : खडकवासला धरणातून विसर्ग वाढविल्याने बाबा भिडे पूल बुधवारी दुपारी पाण्याखाली गेला. पुलाकडे आलेल्या वाहनचालकांना लकडी पुलाकडे वळविताना वाहतूक पोलीस." सरांनी ती वाचून "दुपारी"च्या जागी नेमकी वेळ घालायला सांगितली आणि फाइलवरील वेळ पाहून ती घातली. कोण, काय, कुठे, केव्हा हे पहिल्या वाक्यात यावे. छायाचित्रात जे दिसतेच आहे ते पुन्हा वर्णन करू नये. आणि "संतप्त", "हवालदिल" अशी विशेषणे माणसांना चिकटवू नयेत, कारण त्यांच्या मनातले आपल्याला माहीत नसते. हीच ओळ, ठिकाण आणि छायाचित्रकाराचे नाव फाइलच्या माहितीतही भरावे, म्हणजे काही वर्षांनी संग्रहात शोधणाऱ्यालाही ते सापडते. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची पाने आधी सुटतात आणि शहर आवृत्ती मध्यरात्रीच्या सुमारास, त्यामुळे रात्री पानाची प्रत निघाल्यावर आपल्या छायाचित्राखाली आपलीच ओळ आहे ना, शेजारच्या बातमीची तर पडली नाही ना, हे जाऊन पाहावे. डेस्कवरच्या लोकांना हे आवडते आणि पान लावण्याचे शिक्षणही आपोआप मिळते. रात्री उशिरा सुटणाऱ्या मुलींनी घरी पोहोचवण्याच्या व्यवस्थेविषयी रुजू होण्यापूर्वीच विचारावे. मी विचारले होते आणि त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

काही छायाचित्रे घेता येत असली तरी छापता येत नाहीत, ही समज पहिल्याच आठवड्यात यायला हवी. लैंगिक अत्याचारपीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२नुसार गुन्हा आहे. बालकांबाबत पोक्सो कायद्याचे कलम २३ आणि २०१५च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ तशीच मनाई करतात. चेहरा पुसट करून भागत नाही; घराचे दार, शाळेचा गणवेश, सोबत चालणारी आई यांवरूनही ओळख पटते. अटक केलेल्या आरोपींचे चेहरे पोलीस झाकतात ते पुढे व्हायच्या ओळख परेडसाठी, तेव्हा झाकण सरकल्याचा क्षण टिपण्यासाठी धडपडू नये. अपघातस्थळी आणि रुग्णालयात नातेवाइकांपासून अंतर ठेवावे, हे कोणत्याही कलमात लिहिलेले नसले तरी पाळावे.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगते. जुनी बॉडी, किट लेन्स आणि ५० मिमी एफ/१.८ इतक्यावर सुरुवात होते. दूरचे टिपणारी ७०-२०० मिमी लेन्स बहुतेक कार्यालयांत सामाईक असते. कर्ज काढून कॅमेरा घेऊ नये. मानधन अनेक ठिकाणी नसते किंवा नाममात्र असते आणि पेट्रोलचा खर्च खिशातून जातो, म्हणून दुचाकी, घरचा आधार आणि किती महिने असे काढता येतील याचा हिशेब आधीच मांडावा. उमेदवारांचे श्रम मोफत वापरणे मला अन्याय्य वाटते, आणि प्रवासखर्च तरी मागावा असे मी प्रत्येकाला सांगते.

हक्कांविषयी मात्र जवळजवळ कोणीच विचारत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १७मध्ये वृत्तपत्राच्या सेवेत किंवा उमेदवारीच्या करारात असताना प्रसिद्धीसाठी केलेल्या कामाचा स्वतंत्र उल्लेख आहे : वेगळा करार नसेल तर वृत्तपत्रांत प्रसिद्ध करण्यापुरता हक्क मालकाचा असतो आणि इतर बाबतीत तो निर्मात्याकडे राहतो. बहुतेक कार्यालये मात्र वेगळा करार करून घेतात, म्हणून सही करण्यापूर्वी तो कागद पूर्ण वाचावा आणि स्वतःच्या संग्रहासाठी छायाचित्रे वापरण्याची मुभा लेखी मागावी.

अर्ज आषाढापूर्वी करावा. पालख्यांचा मुक्काम भवानी पेठ आणि नाना पेठेत पडतो तेव्हापासून गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीपर्यंत पुण्यातील प्रत्येक छायाचित्र विभागाला माणसे कमी पडतात आणि नवोदितालाही स्वतंत्र कामे मिळतात. रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी पत्रकारिता शिकत असाल तर विभागाचे पत्र मिळते. नसाल तर थेट मुख्य छायाचित्रकारांना भेटावे. सोबत दहा-बारा छायाचित्रे न्यावीत, त्यांत सूर्यास्त आणि फुले नसावीत, आपल्या गल्लीतली, आपल्या गावच्या बाजारातली माणसे असावीत, आणि प्रत्येकाच्या मागे नाव, ठिकाण, दिनांकासह पूर्ण ओळ लिहिलेली असावी. आमच्या सरांनी माझी छायाचित्रे आधी उलटी करून मागची बाजूच वाचली होती.